खर्ज आणि कर्णा
(तृतीय वर्ष, कला)

आमच्या कोलाड नाक्यावर वरच्या पट्टीच्या आवाजांना तोटा नाही. "रोहा, रोहा, रोहा" असे ओरडणारे मिनिडोरवाले आहेत, हॉर्ननेच संभाषण करणारे ट्रकवाले आहेत, आणि मासळीवाल्या आल्या की मग विचारायलाच नको. माझा विषय मात्र त्यांच्याखालच्या आवाजांचा आहे. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि तिचे पहिले स्थानक आमचे. १९९९ सालापासून येथे मालाने भरलेले ट्रक जसेच्या तसे आगगाडीच्या उघड्या डब्यांवर चढवून गोव्यात वेर्ण्यापर्यंत नेऊ लागले. ती ट्रकांची गाडी रात्री जाऊ लागली की माझ्या आजोळच्या फडताळातली पितळी भांडी आधी बोलतात, आणि गाडी आली हे आपल्याला नंतर कळते. कुंडलिकेचेही तसेच. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून (ते १९२७ सालचे) नदीत उतरते, आणि पाणी सोडले की मुंबईहून आलेली मंडळी रबरी होड्यांत बसून किंचाळतात. किंकाळ्या फार तर काठापर्यंत पोचतात, पण पाण्याची घरघर मात्र पार आमच्या पडवीच्या खांबाला हात लावला तरी जाणवते.

असल्या आवाजांचा मला लळा लागला तो मामामुळे. भौतिकशास्त्र नको म्हणून मी कलाशाखेला आले, पण मामाच्या धंद्यातून ते माझ्या मागे मागे घरात आलेच. मामाचा मंडप व लाऊडस्पीकरचा धंदा. दोन अहुजाचे अँप्लिफायर, सहा कर्णे, दोन मोठी खोकी, गाणाऱ्यांसाठी दोन माईक, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेला म्हणून घेतलेला एक शुअर कंपनीचा सत्तावन्न नंबरचा, ज्याला मामा देवासारखा फडक्यात गुंडाळून ठेवतो. सुट्टीत वायरी गुंडाळणे आणि माईक मांडणे हे काम माझे. मांडवात मुलगी वायरी ओढते म्हणून पहिल्या वर्षी लोक बघत. आता "बाय, जरा आवाज वाढव गं" एवढेच म्हणतात.

कर्णा हे मोठे अजब यंत्र आहे. नारळाच्या झाडावर बांधला तर शेजारच्या गावात आवाज पोचवील, पण खर्ज खाऊन टाकील. त्याच्या आतला पडदा लहान आणि पातळ. सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या खालचे त्याला पेलत नाही. आता कोणी विचारील, मग पुरुषाचा आवाज कर्ण्यातून पुरुषाचाच कसा वाटतो? पुरुषाचा मूळ स्वर तर शंभर-सव्वाशे कंपनांच्या घरातला. यातली गंमत जुन्या टेलिफोनवरून कळते. त्या तारेतून ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचेच काय ते जात असे, तरी पलीकडे वडील आहेत की आई हे लगेच ओळखू येई. प्रत्येक आवाजात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर मिसळलेले असतात. तेवढे कानी आले की गळालेला मूळ स्वर कान आपल्या पदरचा भरून घेतो. पण ज्या वाद्याचे वरचे स्वर मुळातच दबलेले, त्याचे काय? पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात ती वरचे स्वर मारून खालचा एक भरदार 'धुम्' उरावा म्हणूनच. तेथे कानाला भरून घ्यायला काही शिल्लकच राहात नाही. कर्ण्यावर पखवाज ऐकलात तर शाईच्या बाजूची टिकटिक ऐकू येईल आणि वादकाला डावा हात आहे की नाही अशी शंका येईल.

ही शंका आमच्या गावात खरोखरच घेतली गेली, आणि ती माझ्या आजोबांविषयी.

आजोबांना सगळे आबा म्हणतात. चाळीस वर्षे त्यांनी देवळातल्या भजनाला आणि सप्ताहाला पखवाज वाजविला. मी लहान असताना त्यांच्या गुडघ्याला टेकून बसत असे, आणि 'धुमकिट' मधला 'धुम्' माझ्या पाठीत शिरत असे. मग सप्ताह मोठा होत गेला, देवळाबाहेर मांडव पडू लागला, आणि मंडळाने ठरविले की सगळ्यांच्या पुढ्यात माईक हवा. तो मामानेच पुरविला, दुसरे कोण पुरविणार? मंडळाच्या माणसांनी तो पखवाजाच्या उजव्या तोंडाशी लावला, कारण आवाज तिकडूनच जास्त येतो असे सर्वांचे मत पडले. मांडवाच्या टोकाला बसलेल्यांना टिकटिक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी पारावर कोणी तरी म्हणाले, आबांचा डावा हात आता पडतो. म्हातारपण हो! हे आबांच्या कानावर आलेच. त्यांनी वाद घातला नाही. पखवाज खोळीत घातला, खोळ खुंटीला अडकविली, आणि पुढच्या वर्षी कणीक मळायला नकार दिला. मामा आणि आबा यांच्यात भांडण असे झाले नाही, पण जेवताना दोघे एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. "बाय, तुझ्या मामाला विचार भात हवा का," अशा थाटात.

त्यातून आबांचे कान. डॉक्टरांनी तपासून एक आलेख काढून दिला. डाव्या बाजूला खालचे स्वर, उजवीकडे वरचे; रेघ डावीकडून बरी निघते आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली जाते. वयाने कान जातात ते असेच, आधी वरचे स्वर हरवतात. स, श, फ, ट ही अक्षरे त्या हरवलेल्या भागातली, म्हणून कोणी बोलते आहे हे आबांना कळते पण काय ते कळत नाही. कानात घालायचे यंत्र आणले. ते आठ दिवस शिट्ट्या मारून डबीत गेले. परंतु ट्रकांची गाडी आमच्या आधी आबांना कळते. म्हणजे पहा, पखवाजातले जे कर्ण्याला पेलत नाही नेमके तेवढेच आबांना ऐकू येत होते, आणि जे आबांना ऐकू येत नव्हते तेवढेच कर्णा गावाला ऐकवीत होता. मी हे मामाला कागदावर रेघा काढून सांगितले. तो बराच वेळ कागदाकडे पाहात राहिला आणि मग म्हणाला, "मग आता काय करायचं?" ते मलाही ठाऊक नव्हते.

अशा वेळी आमच्या गावात डबल बास आला. नदीकाठच्या एका विश्रामस्थानात कोणाच्या तरी पन्नासाव्या वाढदिवसाला जाझ संगीताचा कार्यक्रम होता आणि मुंबईच्या ध्वनियंत्रणावाल्याने ऐनवेळी पाठ फिरविली, म्हणून मामाला बोलावणे आले. टेम्पोतून पियानोची पेटी उतरली, ढोल उतरले, आणि शेवटी आडवे निजविलेले एक प्रचंड धूड दोघांनी मिळून उतरविले. मामा म्हणाला, "हे प्रेत कुणाचं?" ते उभे केल्यावर दिसले की व्हायोलिनच्या घराण्यातला हा थोरला भाऊ, माणसापेक्षा उंच, चार तारांचा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने पावते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे त्या स्वराची एकेक लाट सत्तावीस फुटांची. आमची ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर मिळून तेवढी लांबी भरत नाही.

वाजविणारे गृहस्थ साष्टीतले, सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात होते. या मंडळींचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात असायला हवा असे माझे मत आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तेथून निघालेली माणसे मुंबईला हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग स्टुडिओंत आली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचा वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल झाले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधून गुरूचे नाव घरोघर गेले. ते गुणगुणणाऱ्यांना असा कोणी व्हायोलिनवादक खरोखर होता याचा पत्ता नसतो, ही गोष्ट वेगळी.

तर हे आमचे साष्टीकर सांगत होते की त्या काळी गाणे तुकड्यातुकड्याने भरीत नसत. सगळे वादक एका दालनात, गायक तेथेच, आणि माईक मोजके. ज्याचा आवाज मोठा त्याला लांब बसवायचे, ज्याचा बारीक त्याला पुढे ओढायचे. आवाजाचा तोल खुर्च्या सरकवून साधायचा. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. "डबल बास चुकला तर कोणाला कळत नाय," ते हसून म्हणाले, "पण डबल बास थांबला तर सगळ्यांना कळते." पुढे विजेची बास गिटार आली (अमेरिकेत फेंडरने ती १९५१ सालीच बाजारात आणली होती) आणि या धुडाचे काम कमी होत गेले.

मामाने आपला सत्तावन्न नंबर काढला आणि वाद्याच्या पोटावर एफ आकाराच्या ज्या दोन भेगा असतात त्यांतल्या एकीला अगदी चिकटवून लावला. मांडवातल्या माणसाचे हे स्वाभाविक गणित आहे: भोक दिसले की आवाज तेथूनच येणार. खोक्यातून जे निघाले ते रिकाम्या पिंपात कोणी घोरावे तसे. साष्टीकर म्हणाले, "अरे बाबा, हा काय नळ आहे? पाणी एका भोकातून नाय येत. हा सगळा लाकूड बोलतो." मग त्यांनी माईक वर, बोटांजवळ नेला. आता तारेचा टणत्कार स्वच्छ, पण पोट गायब. शेवटी घोडीच्या समोर, वीतभर लांब, किंचित वरून खाली पाहणारा असा ठेवला तेव्हा बोट, तार आणि लाकूड तिन्ही एका माणसाची वाटू लागली. मामासारखाच माझाही समज होता की माईक म्हणजे वस्तू. चांगला घेतला की झाले. त्या संध्याकाळी दिसले की वीतभर सरकविल्याने जो फरक पडतो तो पाच हजार रुपये खर्चून पडत नाही.

जवळ-लांबचे आणखी एक कारण आहे ते सांगून टाकते, कारण आपल्या स्नेहसंमेलनात निवेदन करणाऱ्यांना उपयोगी पडेल. एका बाजूचेच ऐकणारा माईक तोंडाशी नेला की आवाजातला खालचा भाग फुगतो. गायक याचा फायदा घेतात आणि निवेदक याच्यामुळे मडक्यातून बोलल्यासारखे वाटतात. चहूबाजूंनी ऐकणाऱ्या माईकला हे व्यसन नाही. तो जवळ नेला तरी खर्ज फुगवीत नाही. साष्टीकरांच्या पिशवीत असा एक होता, करंगळीच्या पेराएवढा, बॅटरीच्या डबीवर चालणारा. आमचा सत्तावन्न नंबर उघड्या हिरवळीवर चांगला वाजला, पण ढोल सुरू झाल्यावर त्यात ढोलच जास्त येऊ लागले, आणि आवाज वाढवावा तर खोक्यातला खर्ज परत वाद्याच्या पोटात शिरून 'हूं' करीत फिरू लागला. तेव्हा त्यांनी तो बारका माईक स्पंजाच्या तुकड्यात गुंडाळून घोडीच्या खाली, तारांच्या आणि पोटाच्या मधल्या फटीत दडपला. वाद्य हलले तरी माईक बरोबर हलणार, आणि ढोल बिचारे बाहेर. खालच्या लोखंडी टोकाखाली पायपोस ठेवला, म्हणजे फळ्यांचा धडधडाट नको. मामा हे सगळे पाहात होता. तासाभराने तो त्यांना 'साहेब' म्हणायचे सोडून 'बुवा' म्हणू लागला. त्याच्या शब्दकोशात याहून मोठी पदवी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला परतताना त्यांचा टेम्पो आमच्या दारात चहाला थांबला. खुंटीवरची खोळ पाहून बुवांनी पखवाज खाली घेतला. कणीक नव्हतीच. त्यांनी डाव्या तोंडावर थाप दिली आणि माझा तळवा उजव्या तोंडासमोर धरायला सांगितला. हवेचा धक्का तळव्याला लागला. "बघ बाय, हा आत गेला की तो बाहेर येतो," ते म्हणाले. (कोकणीतही 'बाय' म्हणतात हे मला तेव्हा कळले.) "दोन्ही बाजूंना माईक लावशील तर एक म्हणेल आत, दुसरा म्हणेल बाहेर. दोघे भांडून खर्ज मरतो. एकाची वायर उलटी कर."

आबा पडवीत बसून हे नुसते पाहात होते. त्यांनी टेम्पोकडे बोट केले. बुवांना काय हवे ते समजले. नातवाच्या मदतीने त्यांनी डबल बास उतरवून पडवीच्या लाकडी पाटावर उभा केला आणि जाड तार मोकळी छेडली. आबांनी वाद्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "खर्ज," ते म्हणाले. मग हात न काढता पुन्हा, "खर्ज." आमच्या घरात त्या महिन्यात त्यांना कोणाचे बोलणे इतके स्पष्ट ऐकू आले नव्हते.

येथे डी.जे. नावाच्या प्रकाराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कोणी म्हणेल, तुला खर्ज हवा ना, मग मिरवणुकीतल्या त्या खोक्यांच्या भिंती काय वाईट? त्यांतून तर खर्जच खर्ज निघतो. मान्य. पण तो कोणत्याच वाद्याचा नसतो. छातीवर गुद्दा बसतो, त्याला हात नसतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक नको असा नियम २००० सालापासून आहे, आणि तो कसा पाळला जातो ते आपण सर्व जाणतोच. मामाला तसल्या भिंती घे म्हणून दोनदा आग्रह झाला. पैसे त्यातच आहेत. त्याने घेतल्या नाहीत, याचे कारण तो कर्जाचे हप्ते सांगतो. मला वाटते, कारण वेगळे आहे. असो.

मामाने त्या आठवड्यात एक वायर कापली, दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या पिनेच्या तारा अदलाबदल करून पुन्हा डाख दिला, आणि ओळखू यावी म्हणून तिला लाल पट्टी गुंडाळली. मग घरच्या घरी प्रयोग सुरू झाले. पखवाज मी बडवायची, कारण आबा हात लावीत नव्हते, आणि मामा अंगणात उभा राहून ऐकायचा. साधी वायर लावली की 'धुम्' पातळ, लाल पट्टीची लावली की भरलेला. हा फरक इतका उघड होता की समोरच्या घरातली वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "हे आत्ताचं बरं होतं." सत्तावन्न नंबर डाव्या तोंडापासून वीतभर, सरळ समोर न ठेवता तिरका, म्हणजे थापेचा वारा थेट आत जाऊ नये. स्टँडखाली घडी केलेली गोधडी. उजव्या तोंडाचा माईक मात्र हातभर लांब. त्या बाजूला आवाज फार, त्याला लांबच बसवावे, स्टुडिओतल्यासारखे. कर्णे झाडावर राहू दिले, पण ते कीर्तनकारांच्या शब्दांसाठी. पखवाजासाठी मामाने ती दोन मोठी खोकी काढली आणि सभामंडपाच्या कोपऱ्यांत भिंतीला लावून ठेवली. कोपऱ्यातल्या खोक्याला दोन्ही भिंती आणि जमीन फुकट मदत करतात, खर्ज आपोआप वाढतो. माईकची पाठ खोक्यांकडे, म्हणजे 'हूं' नको.

हे सगळे मांडून झाले तरी वाजविणार कोण हा प्रश्न होताच. मंडळाचा तरुण पखवाजी तयार होता आणि चांगला वाजवितो. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मामा पडवीत आला आणि सरळ आबांसमोर उभा राहिला. माझ्यामार्फत नाही. मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून म्हणाला, "आबा, कणीक मळायला सांगू का?" आबांनी त्याच्या ओठांकडे पाहिले. मग म्हणाले, "पाणी कमी घाल म्हणावं. मागच्या वेळी सैल झाली होती." मागची वेळ म्हणजे सहा वर्षांपूर्वीची.

त्या रात्री ते पाऊण तास बसले. पूर्वीइतकी द्रुत लय आता जमत नाही, आणि दोनदा टाळकरी पुढे गेले तेव्हा त्यांना ते ऐकू आले नाही. तरुण पखवाजी शेजारी बसून बोटाने मात्रा दाखवीत होता. मी मांडवाच्या अगदी टोकाला, चपलांच्या ढिगापाशी उभी होते. खालची जमीन 'धुम्' बरोबर किंचित हलत होती. बायका बोलायच्या थांबल्या होत्या. डाव्या हाताविषयी या खेपेला पारावर काय बोलले गेले ते मी मुद्दाम विचारले नाही.

दहाच्या आत सगळे आटोपले. मामा वायरी गुंडाळीत होता, मी माईक फडक्यात बांधीत होते. आबा कोपऱ्यातल्या खोक्यापाशी गेले, त्यावर तळवा ठेवला, पण आता ते मुके होते. मग मामाकडे वळून जरा रागानेच म्हणाले, "शेवटी शेवटी कणीक सुकली होती. तुला एवढं ऐकू आलं नाही?"